सुतकाचा धोंडा

निंबसोंडला यायचे तर फाट्यावर एसटी सोडावी लागते. तिथून ओढ्याच्या कडेकडेने चालत आलात की गावाच्या थोडे अलीकडे, ओढा वळतो तिथे, एक काळा सपाट धोंडा दिसेल. दोन माणसे जेमतेम बसतील एवढाच. त्याला शेंदूर नाही, नारळ नाही, झेंडाही नाही. पाहुणे त्याच्यावर पिशव्या ठेवतात, चपलेतला खडा काढायला टेकतात. आम्ही त्यांना काही म्हणत नाही. पण कधी त्यावर घोंगडी अंथरून कोणी शांत बसलेले दिसले, तर समजावे की गावात कोणाचे तरी माणूस गेले आहे. आणि बसलेला माणूस त्या घरचा नाही.

माझ्या माहेरी घरात मयत झाली की घरच्यांचे हात बांधले जात. देवाला शिवायचे नाही, शुभकार्य नाही, पेरणी असली तरी बियाण्याला हात लावायचा नाही. निंबसोंडला मात्र सुतक घरच्यांना नसते. ते धोंड्यावर बसणाऱ्याला असते. असे का, ते सासूबाईंनी मला सांगितले होते. तेच तुम्हाला सांगते.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. कोणाचे कोणाशी युद्ध होते हेही आता कोणाला सांगता येत नाही. लष्कर एकदा जाताना या वाटेने गेले आणि एकदा हरून परतताना, एवढेच सांगतात. जाताना त्यांनी उभी ज्वारी घोड्यांना घातली आणि धडधाकट पुरुष ओझी वाहायला नेले. परतताना घरे जाळली. त्यांच्या मागोमाग मरी आली. काखेत गाठ यायची, ताप चढायचा आणि माणूस जायचे. लोक डोंगरातल्या कपारींत पळाले. पळाले त्यांतलेही बरेच तिकडेच मेले.

मरी ओसरल्यावर जे उरले ते एकेक करून खाली उतरले. घरांच्या नुसत्या काळ्या भिंती उभ्या होत्या. पाटलांच्या घरातले थोरले गेले होते, धाकटा भाऊ हैबती तेवढा उरला होता. पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. गावाचे बरेवाईट आता त्यालाच पाहायचे होते. गावाला शास्त्र आणि मुहूर्त सांगणाऱ्या जोशीबुवांच्या घरात तर कोणीच उरले नव्हते. गावात मिळून एक बैल होता आणि एक हल्या, म्हणजे रेडा. मात्र जमिनीत खणलेले धान्याचे एक पेव लष्कराच्या हाती लागले नव्हते, आणि त्यात शाळूचे, रब्बी ज्वारीचे, बियाणे होते. लोकांनी कंदमुळे खाल्ली, पाला उकडून खाल्ला, पण ते पेव फोडले नाही.

या माणसांत धुरपदा नावाची एक बाई होती. तिचा नवरा लष्कराने नेला, तो आला नाही. मुलगे आणि सुना मरीत गेल्या. उरली होती ती एक नात, हौसा, नुकती चालायला लागलेली. धुरपदा तिला पाठीशी बांधूनच भिंती लिंपायची, तिला पाठीशी घेऊनच रानातली भाजी खुडायची. कोणी म्हणे, "अगं, खाली ठेव की तिला. पळून जात न्हाई ती."

त्यावर धुरपदा म्हणायची, "ती न्हाई जायची. मलाच भ्या वाटतं."

त्या साली हस्ताचा पाऊस चांगला झाला. पाणी मुरून रान भिजले आणि दोन उन्हे पडल्यावर पेरणीजोगे झाले. आता पेरले तर उन्हाळ्याच्या तोंडाला पोटात दाणा पडणार होता. ओल उडून गेली तर गाव सोडून जावे लागणार होते, आणि म्हातारी माणसे, लहान लेकरे एवढी वाट चालणारी नव्हती. हे सगळ्यांना कळत होते. तरी तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायला, त्यातून बी सोडायला, कोणी पुढे येईना.

कारण सगळे गाव सुतकात होते, आणि ते सुतक काही केल्या फिटत नव्हते. आज कोणी उरलेला तापाने जायचा. उद्या एखादा वाटसरू यायचा आणि सांगायचा, तुमचा अमका तिकडे लढाईत पडला. खबर कानावर आली की सुतक नव्याने सुरू. एका घराचे फिटेपर्यंत भावकीतल्या दुसऱ्या घराला लागायचे. जी काही माणसे उरली होती ती सगळी एकमेकांच्या नात्यातली. त्यातून, मरीच्या आदल्या साली एका घराने सुतकात पेरले होते म्हणे, आणि त्या शेतात दाणा उगवला नव्हता. मरीत गेलेला पहिला माणूसही त्याच घरातला. खरेखोटे कोण सांगणार? पण भ्यायलेल्या माणसांच्या मनाने ते घेतले होते.

ओढ्याच्या वळणावर, या धोंड्यापाशीच, सगळे जमले. राणू नावाचा एक तरणा गडी तिफण बांधून तयार बसला होता. तो चिडून म्हणाला, "हैबतीकाका, ओल चालली. आणखी किती थांबायचं?"

"सुतक फिटू दे."

"ते कवा फिटायचं? मी मेल्यावर?"

"तू मेलास तर आणखी वाढंल," हैबती म्हणाला.

लोक हसले. कितीतरी दिवसांनी हसले, असे सांगतात, आणि हसलो म्हणून लगेच ओशाळले.

तेव्हा धुरपदा पुढे आली. हौसा पाठीवर झोपली होती.

"काका, सुतक कुणाला तरी लागायचंच ना?"

"लागतंच."

"मग एकाला लागू द्या. माझ्या घरातलं जायचं ते गेलं. तुमा सगळ्यांचं माझ्यावर टाका आन् तुमी पेरा."

"सुतक काय डोईवरचं गाठोडं हाय व्हय, ह्याच्याकडून त्याच्याकडं द्यायला?"

"जोशीबुवा असते तर त्यास्नी इचारलं असतं. आता तुमीच थोरले. तुमी हो म्हणा."

हैबतीला नाही म्हणता येत नव्हते आणि हो म्हणायची भीती वाटत होती. शेवटी तो म्हणाला, "घेतलंस तर अर्धंमुर्धं घेता येणार न्हाई. तुझा हात बियाण्याला न्हाई, चुलीला न्हाई, लेकराला न्हाई. न्हाईतर पोरीच्या वाटं ते परत गावात शिरंल. आन् शेवटचं सुतक फिटंस्तवर हितनं उठायचं न्हाई."

लेकराचे धुरपदाच्या ध्यानात आले नव्हते. तिने पाठीवरची पोर पुढे घेतली. पोर झोपेतच होती. शेजारी कोंडाबाई उभी होती, जिच्या घरातले एकही मूल वाचले नव्हते. धुरपदाने हौसाला तिच्या हातात दिले.

"ऊन कण्या खात न्हाई ती, निववून देत जा. आन् झोपताना कानाची पाळी धरती. धरू दे तिला."

एवढे बोलून ती धोंड्यावर जाऊन बसली.

मग एकेकजण तिच्यासमोर आला आणि आपल्या गेलेल्या माणसाचे नाव घेऊ लागला. "माझ्या भावाचं, सुभान्याचं." "माझं," धुरपदा म्हणायची. "माझ्या आईचं, चिमाईचं." "माझं." राणूने बापाचे नाव घेतले. कोंडाबाईने आपल्या लेकरांची नावे घेतली तेव्हा तिच्या कडेवर हौसा होती. सर्वांत शेवटी हैबती आला.

"सांगा, काका."

"बायजा," तो म्हणाला. ती त्याची धाकटी लेक.

"माझी," धुरपदा म्हणाली.

लोकांनी ओढ्यात आंघोळी केल्या आणि ते शेतात गेले. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला हल्या जुंपला. चाड्यावर मूठ कोंडाबाईने धरली. ओल उडायच्या आत सगळे बियाणे जमिनीत गेले.

धुरपदाला धोंड्याशेजारी पाल्याचे खोपटे घालून दिले. जेवण पानावर वाढून लांब ठेवत. लोक गेले की ती उठून घेई. नवी खबर आली की ज्याला आली तो धोंड्यापाशी येई, नाव सांगे आणि आपल्या कामाला जाई. हौसा पहिल्यापहिल्यांदा तिच्याकडे धावायची. धुरपदा काठी आपटून "हाड, हाड" करायची, जसे कोंबडीला हाकलावे तसे, आणि पोर वळली की पदरात तोंड खुपसून बसायची. हौसा रडायची. पुढे पुढे तिने रडायचे सोडले.

शाळू उगवला, वाढला, निसवून त्याची कणसे बाहेर पडली. मरी आली नाही. दाणे भरू लागले तसे लोकांनी पहिला हुरडा भाजायला घेतला. आगटीभोवती सगळे बसले होते, चोळलेला गरम हुरडा या हातातून त्या हातात जात होता. कोणी म्हणाले, मीठ नाही. कोणी म्हणाले, जीभ शाबूत आहे तेवढे बघ. या गडबडीत हौसा कधी उठली ते कोंडाबाईला कळले नाही.

धुरपदा उन्हाला डोळे मिटून बसली होती. तिला काठी उचलायलाही सुचले नाही. पोर तिच्या मांडीवर चढली आणि मुठीतला हुरडा तिने आजीच्या तोंडात कोंबला.

"शिवली! पोर शिवली!" कोणीतरी ओरडले.

सगळे धावले आणि धोंड्यापासून चार हातांवर येऊन थबकले. शाळू अजून शेतात उभा होता. गर्दीतून एकजण म्हणाला, "आता पोरीलाबी तिथंच ठेवा. गावात आणू नका." त्याला कोणी गप्प केले नाही. कोंडाबाईने पाऊल उचलले, पण तेही तिथेच राहिले.

"हिला न्हाई," धुरपदा म्हणाली. इतक्या दिवसांत तिने काही मागितले नव्हते. "हिला घेऊन जा. मी हितनंबी लांब जाते. डोंगरात जाते. पर हिला न्हाई."

तेव्हा हैबती लोकांतून पुढे निघाला. धोंड्यापर्यंत गेला, पागोटे काढून हातात घेतले आणि तिला म्हणाला, "सर जरा."

"काका, शिवाल!"

"शिवलोच की," असे म्हणून तो तिच्याशेजारी टेकला. मग म्हणाला, "माझ्या बायजेचं नाव मी तुझ्या गळ्यात घातलं आन् शेतात निघून गेलो. ते एकट्या माणसाला पेलायचं नव्हतं, धुरपदे. मला तवाच कळाया पायजे हुतं. ऊठ. पोरीला घेऊन घरी जा. मी बसतो."

"काका, मग शाळूच्या काढणीला?" राणूने विचारले.

"तिथं माझ्यावाचून काय अडलंय? माझ्या हातचं काम तू कवा चांगलं म्हणालास?"

या वेळी मात्र कोणी हसले नाही. धुरपदा उठली. बसून बसून तिचे गुडघे आखडले होते, कोंडाबाईने तिला धरले. तिला धरताना कोंडाबाई क्षणभरही थांबली नाही, असे सासूबाई मुद्दाम सांगत. धुरपदाने ओढ्यात स्वतः आंघोळ केली, हौसाला घातली, आणि तिला कडेवर घेऊन ती गावात गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती परत आली. आपण घेतलेले आपणच फेडायचे, असे तिच्या मनात होते. पाहते तो धोंड्यावर कोंडाबाई बसलेली.

"सरक, कोंडे."

"न्हाई सरकत. लवकर उठायचं हुतं."

त्याच्या पुढच्या दिवशी राणू बसला. मग आणखी कोणी. धुरपदाला धोंडा परत मिळालाच नाही. शाळू काढला, तो कणसागणिक भरलेला निघाला. मरी परतली नाही. त्यानंतर गावाने ठरवून टाकले म्हणे, की आपल्या माणसाचे सुतक आपण धरायचे नाही, ते शेजाऱ्याने धरायचे, आणि शेजाऱ्याचे आपण. पुढे बऱ्याच वर्षांनी धुरपदा गेली तेव्हा पेरणी चालू होती. धोंड्यावर बसायला एवढी माणसे आली की त्यांना ओढ्याच्या काठाने ओळीने बसावे लागले.

आजही निंबसोंडला कोणी गेले की दुसऱ्या घरचे माणूस दाराशी येते आणि म्हणते, "उठा. मी बसतो." ते कोणत्या आळीचे, कोणत्या जातीचे, हे कोणी विचारत नाही. घरची माणसे रडतात, रडायला कधीच बंदी नव्हती. पण ती रडत रडत शेतात जातात, चूल पेटवतात, लेकरांना न्हाऊ घालतात.

आमचे सासरे गेले तेव्हा शाळूची काढणी चालू होती. पलीकडच्या आळीतले अंबऋषी कुंभार आमच्यासाठी धोंड्यावर बसले. दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन गेले, तर माझी दोन्ही मुले त्यांच्या मांडीवरच्या जागेसाठी भांडत होती आणि ते त्यांना शेंगा सोलून देत होते. बाहेरची माणसे हे पाहून दचकतात. पण आमच्या गावात धोंड्यावर बसलेल्या माणसाला शिवायला कोणाला मनाई नाही. त्याच्या हातात भाकरी हातानेच द्यायची असते.