गिधाडकड्याचा वेढा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या सेनापतीचं मात्र आठवतं. त्याचं नाव भानुजित.

भानुजितने पुष्कळ गड घेतले होते. कुठला गड तहानेने शरण येईल, कुठला भुकेने आणि कुठला नुसत्या दमदाटीने, हे तो पायथ्याशी उभा राहून सांगायचा. म्हणून राजाने एके दिवशी त्यालाच बोलावलं.

"गिधाडकड्याच्या लोकांनी गडाचं दार लावून वर्षानुवर्षं खिंड अडवली आहे," राजा म्हणाला. "पलीकडचं मीठ येईना. सगळं राज्य अळणी जेवतंय. जा, तो गड घेऊन ये."

"आणतो, महाराज," भानुजित म्हणाला, जणू बाजारातून भोपळाच आणायचा होता.

त्याने गडाला वेढा घातला. आधी पाण्याची वाट अडवली, तर वर बारमाही झरा निघाला. मग शिड्या लावल्या. त्या अपुऱ्या पडल्या, म्हणून एकीला एक बांधल्या, तेव्हा त्या वाकल्या आणि चढलेले शिपाई अलगद पुन्हा जमिनीवर आले. तटावरची माणसं पोट धरून हसली. मग दगड फेकणारं मोठं यंत्र आणलं. त्याचे दगड कड्यावर आपटून माघारी यायचे. एक तर थेट आमटीच्या हंड्यात पडला. आचारी म्हणाला, "सेनापती, लढाई कुणाशी चालली आहे तेवढं एकदा ठरवा."

भानुजितला राग आला. बुरुजाखालचा कडाच पोखरायचा, असं त्याने ठरवलं. कडा ठिसूळ आहे, असं त्याच्या माणसांनी सांगून पाहिलं, पण त्याने ऐकलं नाही. शिपाई अरुंद वाटेने वर गेले, पहारी चालू लागल्या आणि भर दुपारी ती वाटच खाली कोसळली. शिपाई कड्याच्या मधोमध एका कपारीवर अडकले. वर जाता येईना, खाली उतरता येईना. पायाखालची माती सुटत होती.

भानुजित खालून बघत राहिला. तेवढ्यात तटावर माणसं जमली. आता वरून धोंडे येणार, असं त्याला वाटलं.

वरून आले ते दोर. गडाच्या लोकांनी एकेका शिपायाला ओढून वर घेतलं. गेले, ओलीस गेले, असं भानुजितच्या मनात आलं. पण दिवस मावळायच्या आत ते सगळे दुसऱ्या बाजूने दोराला बांधलेल्या पाळण्यात बसून खाली आले. हत्यारं ज्याची त्याच्याकडे होती. एकाच्या डोक्याला पट्टी बांधलेली होती.

"जेवायला घातलं त्यांनी," तो शिपाई म्हणाला. "पिठलं-भाकरी. मीठ बेताचं होतं अगदी."

दुसऱ्या दिवशी सकाळी भानुजितने तलवार छावणीत ठेवली, एकटाच गड चढला आणि दरवाजा ठोठावला.

"कोण आहे?" आतून बाईचा आवाज आला. ती गडाची कारभारीण, तुळाई.

"सेनापती भानुजित. एकटाच आहे."

"मग जरा मोठ्याने बोला. दार जाड आहे."

"माझी माणसं तुम्ही का वाचवलीत?"

"कड्याला लटकलेला माणूस काय कुणाच्या बाजूचा असतो, बाबा? तो पडायच्या बेतात असतो, एवढंच."

भानुजितने विचारलं, "आणि खिंड का अडवलीत?"



"राजाचे दूत येऊन गेले," तुळाई म्हणाली. "ज्याने त्याने 'दार उघडा' म्हटलं. 'का लावलंत' असं तुम्हीच पहिल्यांदा विचारताय. ऐका तर. या राजाच्या बापाने महाल बांधायला आमची तरणी पोरं वेठीला धरून नेली. ती परत आली तेव्हा म्हातारी झाली होती. काही आलीच नाहीत. तेव्हा लावलेलं दार आहे हे."

भानुजित गड उतरला आणि तडक राजाकडे गेला. राजा जेवायला बसला होता.

"तुला गड आणायला पाठवलं होतं," राजा म्हणाला. "गाऱ्हाणं आणायला नव्हे."

"महाराज, गड घ्यायचा तर निम्मं सैन्य त्या कड्याखाली पुरावं लागेल. खिंड उघडायला तुमचा एक शब्द पुरेल. आपल्याला काय हवंय, गड की मीठ?"

राजाने ताटातल्या वरणभाताकडे पाहिलं. एक घास घेतला, सावकाश चावला आणि ताट बाजूला सारलं.

"मीठ," तो म्हणाला.

राजा स्वतः गिधाडकड्याला आला आणि गडाच्या दरवाजासमोर उभं राहून, सगळ्या सैन्यादेखत त्याने शपथ घेतली की या डोंगरातलं एकही माणूस पुन्हा वेठीला धरलं जाणार नाही.

तुळाईने दार उघडायला सांगितलं. पण इतकी वर्षं बंद राहिलेल्या दाराच्या बिजागऱ्या गंजून गेल्या होत्या. आतली माणसं ओढून ओढून थकली. दार हलेना.

"अहो सेनापती," तुळाईने आतून हाक मारली, "जरा हात लावता का?"

भानुजितने दाराला खांदा लावला. त्याच्यामागे शिपाई आले, आणि बाह्या सावरत राजाही आला. आतून ओढलं, बाहेरून रेटलं, आणि दार असं एकदम उघडलं की राजा, सेनापती, शिपाई आणि गडकरी एकाच ढिगात पडले. त्या ढिगातून पहिल्यांदा कोण हसलं, यावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालला.

त्याच दिवशी मिठाचे बैल खिंड उतरले. पुढे भानुजितला कुठल्याही गडावर पाठवलं, की तो आधी एकटा वर जाऊन दार ठोठावायचा. बऱ्याच मोहिमा तिथेच संपायच्या.

तात्पर्य : बंद दार फोडायला निघण्याआधी, ते का लागलं हे विचारावं.