रवंथबंदी

एका रानात एक भेकर होतं आणि त्या भेकरात एक राज्य होतं.

राजधानी डोक्यात. डोळे, कान, नाक सगळं तिथेच, त्यामुळे बाहेरची बातमी काय ती तिथूनच यायची. मी मागच्या उजव्या गुडघ्यातला पहारेकरी. पांढरी पेशी. परकं दिसलं की खायचं, एवढंच माझं शिक्षण. मला डोळे नाहीत, कान नाहीत. देशप्रेमाला दोन्हींची अडचणच होते.

राजधानीचा हुकूम दोन मज्जातंतूंकडून यायचा. धावपळराव "बिबट्या आला" असं ओरडत यायचे. मग काळीज धडधडायचं, पोटाचं रक्त पायांकडे वळायचं आणि प्लीहेच्या छावणीतून आमची कुमक निघायची. निवांतबुवा मात्र भेकर रवंथ करायला बसलं की येत. म्हणत, "पुरे झालं रे, ठेवा आता." हा निरोप फिरत फिरत गुडघ्यापर्यंत पोचला की आम्ही हत्यारं खाली ठेवायचो. रिवाजच होता तो.

निवडणूक आली. बुवांचं भाषण कोणी ऐकलं नाही, त्यात पचनाचा विषय होता. धावपळराव म्हणाले, "बंधूंनो, बिबट्या दाराशी उभा आहे आणि हे गृहस्थ म्हणतात, चघळत बसा!" आम्हाला हात नाहीत, तरी टाळ्या वाजवल्या.

ते निवडून आले आणि पहिला हुकूम निघाला, रवंथबंदी. बसणं म्हणजे फितुरी. बुवांचं येणं थांबलं.

मग बिबट्या रोज यायला लागला. सकाळी पान हललं म्हणून, दुपारी हललं नाही म्हणून. पोटाने भुकेची तक्रार केली, तेव्हा त्याला सीमेवर उभ्या असलेल्या खुरांची आठवण करून देण्यात आली.

त्यात गुडघ्यात बाभळीचा काटा घुसला. काट्याबरोबर आलेले परके आम्ही खाऊन संपवले. खरं तर तिथेच थांबायचं. पण 'पुरे' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं आणि आपणहून थांबायला आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. परके संपल्यावर आम्ही संशयितांकडे वळलो.

दोन हाडांच्या मध्ये कूर्चाक्का राहायची. गरीब बाई, निमूट झिजणारी.

"अरे, मी इथलीच," ती म्हणाली. "तुझ्या जन्माआधीपासून भार सोसतेय."

"मग घाबरतेस कशाला?" मी विचारलं. हा बिनतोड प्रश्न आम्हाला वरूनच पाठ करून दिला होता.

"माझ्याशिवाय हा पाय वाकायचा नाही रे."

"वाकवायचाय कुणाला? बसायला बंदी आहे."

आणि मी तिला खाल्लं. चव घरची लागली, तेव्हा जरा वाईट वाटलं. पण गुडघा सुजून इतका मोठा झाला, की आम्हाला तो विकास वाटला.

एका संध्याकाळी बिबट्या खरंच आला. धावपळराव ओरडले. काळीज धडधडलं, रक्त पायांत उतरलं, सगळं नियमाप्रमाणे झालं. गुडघा तेवढा वाकला नाही.

मला पहिल्यांदाच भीती वाटली. कूर्चाक्का आठवली. शेजारचा पहारेकरी मात्र भारावून गेला होता.

"बघ," तो म्हणाला, "बिबट्या येणार, हे एकटे धावपळरावच सांगत होते."

मला पटलं. पुढच्या वेळीही मत त्यांनाच द्यायचं, असं आम्ही जबड्यात जाता जाता ठरवलं.