तंबोऱ्याचा ताईत

"बाबा, तंबोऱ्याला बांधायचा ताईत देता का?"

कानवाले बाबा रस्त्याकडेच्या पायरीवर बसून कान कोरायचा चिमटा पुसत होते. त्यांनी मान वर केली.

"का रे? ताप आलाय त्याला?"

"थट्टा नको. आवाज बसलाय त्याचा. आणि एकाचा न्हाई... माझ्या दुकानातल्या सगळ्यांचा."

हा दस्तगीर उस्ताद. मिरजेत तंबोरे करणारे पुष्कळ, पण त्याच्यासारखी जवारी काढणारा एखादाच. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. तिच्यावर कानस अशी फिरवायची की तार नुसती वाजत नाही, गुणगुणत राहते. ती गुणगुण म्हणजे जवारी. केसभर कमी घासलं तर तार मुकी, केसभर जास्त घासलं तर घोडी वाया. चाळीस वर्षं हे काम केलेला माणूस, आणि त्या चाळीस वर्षांत त्यानं नाकावर माशी बसू दिली नव्हती.

नजर लागलीय, असं त्याचं म्हणणं. महिनाभरात तीन घोड्या त्यानं घासून घासून सपाट केल्या, तरी तारा मुक्याच. आपण चुकत असू, हे सोडून त्याला बाकी सगळं सुचलं होतं.

आता चौथा तंबोरा हातात होता, अथणीकरबाईंचा. बाई सत्तरीच्या, तंबोरा त्यांच्या गुरूंचा, आणि घोडी जुन्या सांबरशिंगाची. तसलं शिंग आता शोधून सापडत नाही. शुक्रवारी दुपारी बाई स्वतः न्यायला येणार होत्या.

"अजून दोन हात मारले की खुलेल, असं वाटतंय," दस्तगीर म्हणाला. "पण भ्या वाटतंय, बाबा. ही घोडी गेली तर बाईंना काय तोंड दाखवू?"

"दुसऱ्या कुणाला ऐकवलास?"

"सिद्राम होता की. अकरा वर्षं शिकवलं त्याला. आणि मला म्हणतो, उस्ताद, आता बास करा, खुललीय जवारी. मला! म्हटलं, अवजारं ठेव आणि चालता हो."

"गेला?"

"पाया पडून गेला."

बाबांनी पुसायचं फडकं बाजूला ठेवलं.

कान साफ करणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. गिऱ्हाइकाला तोंडानं हाक मारायची नाही. चिमट्याचे दोन पाय बोटानं छेडायचे, बारीक झणकार उठतो, तीच हाक. ज्याला खरी गरज असते नेमकं त्यालाच ती ऐकू येत नाही, ही या धंद्यातली अडचण.

बाबांनी चिमटा दस्तगीरच्या उजव्या कानामागं नेला आणि छेडला.

रस्त्यापलीकडे झोपलेल्या कुत्र्यानं कान टवकारले. दस्तगीर नजर कुणी लावली असेल त्याबद्दल बोलतच होता.

बाबांनी डाव्या कानामागं छेडला. कुत्रं उठून उभं राहिलं.

"दस्तगीर!" बाबा मोठ्यानं म्हणाले. "डोकं ठेव मांडीवर."

"मी ताईत मागायला आलोय, कान कोरून घ्यायला न्हाई. अहो, ह्या कानावर मोठमोठे गवई..."

"ठेव."

दस्तगीरनं ठेवलं. मनातून तो चिडला होता, पण बाबांना नाही म्हणायची हिंमत गावात कुणाला नव्हती.

बाबांनी हातातल्या आरशानं उन्हाची तिरीप कानात पाडली, वाकून पाहिलं आणि शीळ घातली.

"दुखतो? वाहतो? कधी फुटला होता?"

"न्हाई."

"मग बरं. तसलं काही असतं तर हात लावला नसता, दवाखान्यात धाडलं असतं. अत्तराचा फाया ठेवतोस कानात?"

"दर शुक्रवारी. आमच्या अब्बांपासूनची सवय हाय."

"आणि जुना काढतोस?"

"काढत... असेन की."

बाबा इतके हसले की मांडीवरचं डोकं गदगदलं.

"मग काढा की आत्ता!" दस्तगीर उठू लागला.

"सुकलेला मळ ओढला की बरोबर कातडी येते. आधी मऊ होऊ दे." बाबांनी बदामाचं तेल कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि मग दोन्ही कानांत सोडलं. "रोज असंच घालायचं. शुक्रवारी सकाळी ये, तंबोरा घेऊन. तोवर कानस हातात धरायची न्हाई."

"आणि ताईत?"

"हाच की."

तेलानं मळ फुगला आणि होतं नव्हतं तेवढंही ऐकू येईना. बायकोचं तोंड चालू आहे एवढं दिसायचं. पहिल्या दिवशी दस्तगीरला त्यात जरा सुखच वाटलं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून गप्प बसली, आणि मग त्याला भीती वाटू लागली. हे कान पुन्हा उघडलेच नाहीत तर? ज्याला तार ऐकू येत नाही असा तंबोरेवाला काय कामाचा? जवळ सिद्राम असता तर निदान त्याला विचारलं असतं. रात्रंदिवस तंबोरा समोर उभा. त्यानं दोनदा कानस उचलली, दोनदा ठेवली. त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शुक्रवारी उजाडताच तो पायरीशी हजर झाला.

बाबांनी घाई केली नाही. उन्हं आरशात यायची वाट पाहिली. मग चिमटा आत गेला, थोडा फिरला आणि अलगद बाहेर आला. फडक्यावर बोराएवढा गोळा पडला. त्यामागून दुसरा. बाबांनी तो उलगडून हुंगला.

"हा खस. उन्हाळ्यातला दिसतोय. हा हिना... थंडीतला. आणि हे मधलं पांढरं रे काय?"

दस्तगीरनं बोटावर घेऊन पाहिलं आणि तो ओशाळला. घोडी घासताना उडणारं शिंगाचं पीठ होतं ते. तेल, अत्तर आणि पीठ, थरावर थर. तीन घोड्यांची राख त्यानं स्वतःच्याच कानात साठवली होती.

बाबांनी दुसरा कानही मोकळा केला आणि...

चिमण्या. आधी चिमण्या आल्या. मग कुठंतरी नळ ठिबकत होता तो. मग पायरीवर घासणारं त्याचं स्वतःचं धोतर, शेंगदाणेवाल्याची पुडी बांधताना कुरकुरणारा कागद, लांब कुणाच्या तरी घरात तव्यावर पडलेली भाकरी. दस्तगीर डोळे विस्फारून बसला आणि मग पोरासारखा हसू लागला.

"एवढा गोंगाट होता गावात?" तो ओरडला.

"हळू बोल. मी बहिरा न्हाई."

बाबांनी तंबोऱ्याकडे बोट केलं.

दस्तगीरनं गवसणी काढली. बोट तारेवर ठेवलं, पण छेडायला धजेना. शेवटी छेडली.

तार गुणगुणली. तिच्यातून दुसरी उठली, दुसरीतून तिसरी, आणि पायरीवरची हवा सुरानं भरून गेली. शेंगदाणेवाला पुडी तशीच धरून उभा राहिला. कोपऱ्यावरची दोन माणसं बोलता बोलता थांबली. इतकी सुरेख जवारी दस्तगीरच्या हातून गेल्या दहा वर्षांत उतरली नव्हती. अजून दोन हात मारले असते तर ती कायमची गेली असती.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तोंडावर मात्र हसू.

"खुललीय..." तो म्हणाला. "सिद्राम म्हणाला, तेव्हाच खुललेली होती."

बाबांनी चिमटा पुसून ठेवला. तारांची गुणगुण विरेपर्यंत दोघंही तसेच बसून राहिले.

मग दस्तगीरनं तंबोरा अलगद भिंतीला टेकवला आणि बाबांचे पाय धरले.

"बाबा, मला शागीर्द करून घ्या. चाळीस वर्षं लोकांना आवाज करून दिला, पण ऐकायचं कसं ते आलं न्हाई. मला शिकवा."

"मी मळ काढतो, दस्तगीर. शिकवायला तुझा गुरू हाय की."

"माझे उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली."

"ते न्हाई." बाबांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि रस्त्याकडे वळवलं. "सिद्राम. स्टेशनाजवळच्या पिठाच्या गिरणीत कामाला लागलाय. पळत जा... गिरणीत कान लवकर जातात."