बुवांनी उपसलेली वायर

एका शहरात एकदा मेटल संगीत वाजवणारा एक जुना बँड होता. कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी, छातीत धडधडणारे ड्रम आणि घशाच्या तळातून काढलेली डरकाळी, असा त्यांचा थाट. दर अल्बमला ते काहीतरी नवाच प्रयोग करीत. त्यामुळे निम्मे चाहते दर वेळी रुसून जात आणि नवे येत. बँड स्थापन करणारा वृद्ध गिटारवादक अजून वाजवत होता. पांढरी दाढी आणि काळा टी-शर्ट अशा अवतारातल्या त्या माणसाला पोरे थट्टेने ‘बुवा’ म्हणू लागली, आणि पुढे तेच नाव आदराने चिकटले.

मूळ गायकाच्या निधनानंतर बुवांनी आपल्या शिष्याला त्याच्या जागी उभे करायचे ठरवले. सरावाच्या खोलीत त्या तरुणाचा आवाज खिडक्यांच्या काचा हलवी. परंतु पहिला जाहीर कार्यक्रम जवळ आला तशी त्याची पाचावर धारण बसली. डरकाळी घशातच अडकली तर? लोक जुन्या गायकाच्या नावाने ओरडू लागले तर? अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. शेवटी त्याने शक्कल लढवली. आपली डरकाळी आधीच ध्वनिमुद्रित केली आणि साउंडवाल्याच्या हातापाया पडला.

“दादा, माझा माइक बंदच ठेव, हेच लाव. मी नुसतं तोंड हलवतो. बुवांना कळू देऊ नकोस.”

कार्यक्रमाला मैदान फुलून गेले. स्पीकरमधून डरकाळी घुमली, लोक बेभान झाले, शिष्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात बुवांनी मान वळवून त्याच्या गळ्याकडे पाहिले. गळ्याची एकही शीर फुगलेली नव्हती. बुवा वाजवायचे थांबले. मंचाच्या कडेला साउंडवाल्याच्या टेबलापाशी शांतपणे गेले, ध्वनिमुद्रणाची वायर उपसली आणि शिष्याचा माइक चालू करायला लावला.

आवाज तुटला, बाकीचे वादकही थांबले. एवढ्या जनसमुदायापुढे शिष्य तोंड उघडे ठेवून उभा राहिला. स्पीकरमधून फक्त त्याची धाप ऐकू येत होती. कोणीतरी हसले. धरणी पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले. बुवा परत येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले आणि खर्जाची एकच तार पुन्हा पुन्हा छेडू लागले.

अखेर शिष्याच्या गळ्यातून एक फाटका, चिरका सूर निघाला. घाबरलेला माणूस कोणाला तरी हाक मारतो, तसा तो होता. मैदानातले हसू थांबले. गाणे कसेबसे तडीस गेले.

कार्यक्रम संपल्यावर शिष्य रडकुंडीला येऊन म्हणाला, “बुवा, मला काढूनच टाकायचं होतं तर घरी सांगायचं. चारचौघांत माझी अब्रू का घालवलीत?”

बुवा म्हणाले, “अरे, आपली ही डरकाळी आली कुठून, ठाऊक आहे? पहिल्याच कार्यक्रमात आमचा गायक भीतीनं शब्द विसरला. गळ्यातून नुसती गुरगुर निघाली. संपलं सगळं, असं वाटून आम्हीही वेडंवाकडं वाजवत सुटलो. लोकांना वाटलं, काहीतरी नवीन आहे! पुढचा प्रत्येक अल्बम आम्ही असाच धास्तावून केला. प्रयोग म्हणजे तरी काय? पुढं काय होणार हे ठाऊक नसताना वाजवणं. तुझ्या त्या मुद्रित आवाजाला भीती नव्हती, कारण त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्याला चुकताच येत नाही, त्याला मी गाणं कसं म्हणू?”

“पण ही भीती जाते कधी?”

बुवा गिटारीच्या तारा पुसू लागले.

पुढच्या कार्यक्रमाला, मंचावर जाण्याआधी, शिष्य पायरीशीच अडून राहिला. बुवांनी त्याचा हात हातात घेतला आणि शिष्य चमकला. सारा जन्म मंचावर काढलेल्या त्या म्हाताऱ्याचा तळवा गारठलेला होता, घामाने चिंब झाला होता.

शिष्याने तो हात घट्ट धरला.

“चला, बुवा,” तो म्हणाला.