पहिल्या ओंडक्याला हात

फार जुनी गोष्ट बरं का, इतकी जुनी की ती सांगणाऱ्यांचेही दात कधीच पडून गेले. डोंगराआड एक राज्य होतं आणि राज्याच्या वेशीवर, नदीकाठी, लाकडाची एक मोठी वखार होती. तिथं पाण्याच्या जोरावर दोन चाकं फिरत, आणि त्या चाकांवर ताणलेली पोलादी पट्ट्याची करवत सागाचे ओंडके सरसर कापत जाई.

या करवतीची देखभाल एका बाईकडे होती. हातात सदा दाते घासायची कानस, म्हणून सगळे तिला कानसवालीच म्हणत. तोंडाची फटकळ, कामाला वाघीण! करवतीचे दाते ती एक डावीकडे, एक उजवीकडे असे जरासे वाकवी. का? तर पात्यापेक्षा चीर थोडी रुंद पडावी आणि पातं लाकडात मोकळं फिरावं. कापता कापता हे दाते पुन्हा सरळ होत येतात. मग लाकूड पात्याला चिमटीत धरतं, पातं तापतं, आणि तुटून उसळलं की समोरच्या माणसाचं काही खरं नाही. समोर उभा असायचा तिचा नवरा. ओंडका पुढं सरकवायचं काम त्याचं.

वखारीत एक रीत होती. ज्यानं दाते वाकवले, त्यानंच पहिल्या ओंडक्याला हात लावायचा. आपलं काम आधी आपल्या अंगावर घ्यायचं, मग दुसऱ्याला पुढं करायचं. कानसवालीनं ही रीत कधी मोडली नव्हती.

एका वर्षी राजानं नवा महाल बांधायला काढला. कारभाऱ्यानं दरबारात छाती ठोकून सांगितलं, की दसऱ्याच्या आत महाद्वार उभं करतो. बोलून बसला खरा! दसरा तोंडावर आला आणि नेमकी तेव्हाच कानसवालीनं करवत थांबवली. दाते सरळ झालेत म्हणाली, पट्टा उतरवायचा, आज कापणी बंद.

कारभारी धावतपळत आला. कापणी बंद ठेवायला ही वखार काय तुझ्या बापाची आहे का, असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं. धार तर चांगली दिसतेय, मग अडलंय कुठं? आता, त्याला ठाऊक नव्हतं असं नाही हो. उभी हयात वखारीवर देखरेख करण्यात गेलेला माणूस तो. पण करवत थांबली तर शब्द जाणार त्याचा, आणि चालली तर जीव जाणार दुसऱ्याचा. बाई ऐकेना म्हटल्यावर तो तिच्या नवऱ्यावर वळला. "काय रे, बायकोच्या पदराआड लपतोस? धर ओंडका."

नवरा बिचारा पाय उचलू लागला. काम जाईल, पोरं उपाशी राहतील, हेच त्याच्या डोक्यात. ते पाहून कानसवालीला असा संताप चढला की तिनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं आणि स्वतः आडवी उभी राहिली.

"कारभारी," ती म्हणाली, "आज दाते मी वाकवलेले नाहीत. करवत ठीक आहे, असं तुम्ही म्हणता. तेव्हा रीतीप्रमाणं पहिल्या ओंडक्याला हात तुमचा."

कारभाऱ्याला वाटलं, सगळ्यांदेखत माघार घेतली तर नाक कापलं जाईल. मिशीला पीळ देत तो पुढं गेला, अंगरखा सावरला, हात ओंडक्यापर्यंत नेलाही. पाणी सोडलं, चाकं फिरू लागली. पट्टा त्याच्या छातीसमोरून सूं सूं करत खाली जाऊ लागला, आणि हात काही ओंडक्याला टेकेना. शेवटी म्हणाला, कालपासून खांदा धरलाय, नाहीतर दाखवलं असतं. सगळी वखार खो खो हसली.

अपमान चांगलाच झोंबला. त्यानं नवराबायकोला तिथल्या तिथं हाकलून दिलं आणि परगावाहून दुसरा कारागीर आणला. पण असल्या गोष्टी वाऱ्यासारख्या पसरतात. त्या कारागिरानं दात्यांवरून बोट फिरवलं आणि बाजूला सरकला. याला दिवस लागेल म्हणाला, घाई असेल तर आधी तुम्ही हात लावा. तिसरा आला, त्यानंही तेच सांगितलं, पण कारभारी एक दिवसही द्यायला तयार होईना. ओंडके उचलणारे हाताची घडी घालून बसले. दसरा आला नि गेला. राजाची स्वारी बिनदाराच्या महालात शिरली, आणि तिच्यामागून दोन भटकी कुत्रीही शिरली.

राजानं कारभाऱ्याला जे सुनावलं ते काही पोरांसमोर सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी हा गडी पागोटं काखेत मारून कानसवालीच्या दारात हजर. चल बाई म्हणाला, हवा तेवढा वेळ घे.

"येते," ती म्हणाली. "पण पुढं कधी मी थांबवलेली करवत तुम्हाला चालवायची असेल, तर त्या दिवशी ओंडक्यापुढं तुम्ही उभं राहायचं. हे चारचौघांत कबूल करा. नाहीतर महाल राहू दे उघडा."

कारभाऱ्यानं मान खाली घालून चारचौघांत कबूल केलं. त्यानंतर त्या वखारीवर कितीतरी कारभारी आले नि गेले, पण थांबवलेली करवत चालवा, असं म्हणायची एकाचीही छाती झाली नाही.

तात्पर्य: ज्या धोक्यापुढं आपण उभं राहणार नाही, त्यात दुसऱ्याला ढकलू नये, आणि कुणी ढकललंच, तर मुकाट्यानं जाऊ नये.