तितिक्षेचे सूप

कृतयुग उताराला लागले होते, पण खोटे बोलण्याची कला पृथ्वीवर अजून फारशी सुधारली नव्हती आणि तपस्व्याच्या तोंडून निघालेला शब्द खरा होऊनच राहत असे, त्या काळातली ही कथा. गोदावरीच्या दक्षिण तीरावर, पळसांनी वेढलेल्या माळावर, ऋतंभर नावाचे ऋषी आपल्या पत्नीसह राहत. त्यांचे व्रत उंछवृत्तीचे. म्हणजे कापणीनंतर शेतात गळून राहिलेली कणसे पाखरांच्या बरोबरीने वेचायची आणि तेवढ्यावरच देह पोसायचा. पत्नीचे नाव तितिक्षा, अर्थात सहनशीलता. नाव ठेवणाऱ्या पित्याने मुलीला फक्त पाळण्यातच पाहिले होते, त्या बिचाऱ्याचा काय दोष!

या दांपत्याला मूल नव्हते. पुत्रप्राप्तीसाठी दोघांनी बारा वर्षांचे अनुष्ठान मांडले होते आणि त्याची सांगता अक्षय्य तृतीयेला व्हायची होती. वेचलेल्या धान्याची बारा सुपे, कणभरही कोंडा न राहता, सूर्यास्तापूर्वी अग्नीला अर्पण करायची. एक सूप जरी राहिले तरी बारा वर्षे पाण्यात.

सांगतेच्या आदल्या दिवशी तितिक्षेने मळलेले धान्य अंगणात उन्हाला पसरले होते. तेवढ्यात आला तप्तवाह. मरुद्गणांतील एकोणपन्नास भावांमधला हा धाकटा. थोरल्यांपैकी कुणी मेघ हाकून आणी, कुणी चंदनाचा परिमळ, कुणी हिमगिरीचा गारवा. याच्याजवळ यातले काही नाही; चैत्र सरता सरता हा आपला कोरडा, ऊन ऊन श्वास टाकीत भरधाव सुटायचा. आला तो थेट अंगणात शिरला, सारे धान्य धुळीत आणि भुशात कालवून टाकले, आणि जाता जाता तितिक्षेचे वाळत घातलेले वल्कल पळसाच्या शेंड्यावर नेऊन टांगले.

तितिक्षा कडाडली, "अरे द्वाडा! आजपासून माझे सूप जिथे उचलले जाईल, तिथे तुझाच काय, कुठल्याही वाऱ्याचा श्वास उरणार नाही!"

आता सांगा, जिला उद्या बारा सुपे धान्य वारवायचे, म्हणजे वाऱ्यावर सोडून त्यातला भुसा उडवायचा आहे, तिने आज वाऱ्यालाच हाकलावे? पण राग आला की पुढचे दिसते कुणाला.

तृतीयेला ती उंच शिळेवर चढली. पळसाची पाने सळसळत होती, माळावरचे गवत लवत होते, वारवायला याहून चांगला दिवस शोधून सापडला नसता. तिने सूप उचलले. वारा पडला. सूप खाली ठेवले, पाने हलली. पुन्हा उचलले, पुन्हा सगळे चिडीचूप. धान्य, धूळ आणि भुसा एकत्रच तिच्या पायाशी पडले. पळसाच्या पानांनी वारा घालून पाहिला, तोंडाने फुंकून पाहिले. शब्द एवढा पक्का की फुंकरही ओठांबाहेर पडेना.

"देवी," ऋतंभर हळूच म्हणाले, "शाप देण्याचे काम आम्हा पुरुषांकडेच होते ते बरे होते. निदान आमचे शाप दुसऱ्यांना तरी लागत."

"थट्टा सुचते आहे तुम्हाला?" ती म्हणाली, आणि एकदम तिचे डोळे भरले. "सूर्य कलला. बारा वर्षे कण कण वेचला मी, आणि माझ्याच जिभेने घात केला माझा." ऋषींची थट्टा तिथेच आटली. ते खाली बसून एकेक दाणा हाताने निवडू लागले, पण अर्धे सूपही होईना.

तेव्हा तिला आश्रमाच्या सीमेवर एक धुळीने माखलेला तरुण मान खाली घालून उभा दिसला.

"माते, मी तप्तवाह. सकाळपासून इथेच आहे. तुझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकता येत नाही."

"मग काल कशाला आला होतास रे?"

"थोरले बंधू काही ना काही घेऊन जातात, त्यांचे स्वागत होते. मी रिकाम्या हातांनी येतो. मला पाहिले की लोक दारे लावतात. तुझ्या आश्रमाला दारच नव्हते, म्हणून आनंदाने धावत आलो."

तितिक्षेचा राग कुठल्या कुठे गेला. "अरे वेड्या, रिकामा कसा तू? ओल्या वाऱ्यात वारवलेल्या धान्याला बुरशी धरते. तुझा कोरडेपणा लागतो म्हणून तर दाणा वर्षभर टिकतो. माझा शब्द मला मोडता येत नाही, पण त्याला पुढे जोड देता येते. सुपासमोर न बोलावता येऊ नकोस. मात्र मी हाक मारली, की असशील तिथून ये." तिने सूप डोक्यावर उचलले, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ये रे बाळा!"

तो आला. पहिल्या झोतात दाणेही उडू लागले तशी ती ओरडली, "हळू रे, हळू!" आणि आयुष्यात पहिल्यांदाच तप्तवाह हळू चालला. दाणे सरळ खाली, भुसा दूर माळावर. बारावे सूप कुंडात पडले तेव्हा सूर्याची कोर शिल्लक होती.

ज्वालांतून भगवान अग्नी प्रकटले. "साध्वी, मी प्रसन्न आहे. तुला पुत्र देण्यासाठी आलो आहे."

"भगवन्, थोडा उशीर झाला आपल्याला," तितिक्षा म्हणाली. "तो मघाशीच आला." आणि केसांत भुसा अडकलेल्या तप्तवाहाला तिने जवळ ओढले. ऋतंभरांनी आपल्या कमंडलूतले पाणी त्याच्या धुळकट पायांवर ओतले.

अग्नी हसले. "मी वायूचा सखा, म्हणजे हा माझ्याही घरचाच. तथास्तु!"

तेव्हापासून चैत्र सरता सरता तो दरवर्षी येतो. खळ्यावर बाई सूप उचलते आणि नेमका वारा पडतो; ती खोडी नव्हे, तो हाकेची वाट पाहत असतो. भर दुपारी तो दारे आपटतो, दोरीवरचे कपडे शेजारच्या अंगणात टाकतो, डोळ्यांत धूळ घालतो. चिडायला होते, मीही चिडतो. पण त्याला शाप देऊ नये. आईच्या घरी आलेले पोर थोडा धुडगूस घालणारच.