साळूने काम थांबवले

पळसांनी भरलेल्या एका डोंगरउतारावर एक साळू राहत असे. तिच्या अंगभर काटे होते आणि पंजे असे मजबूत, की कडक मुरूमसुद्धा ती सहज उकरत असे. एकदा अस्वलाने तिला बोलावले. ऊन तापण्याआधी त्याला उतारात एक खोल, गार गुहा हवी होती. बदल्यात ते आपल्या राईतले कंद साळूला खाऊ देणार होते. गुहेच्या जागेवर एक मोठी शिळा मातीत सैल होऊन लोंबत होती. ती हलवणे साळूच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून ते काम अस्वलाने करायचे ठरले. हे सारे बोलणे ओढ्यातल्या म्हाताऱ्या कासवासमोर झाले.

साळूने खणायला सुरुवात केली. शिळा उद्या हलवतो, असे अस्वल म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते मोहाची फुले खात बसले, तिसऱ्या दिवशी मधाच्या पोळ्यामागे गेले. साळू जितकी आत जाई, तितकी शिळेखालची माती तिच्या पाठीवर गळू लागे. रोज संध्याकाळी ती अस्वलाला आठवण करी आणि रोज ते मान डोलावी. मध्येच त्याला वाटले, की गुहेचे तोंड उगवतीला नको, मावळतीला हवे. साळूने दात-ओठ खाऊन तेही बदलले. शिळा मात्र तिथेच! वर हे अस्वल ओढ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, की साळू भारी कामचुकार आहे, महिना झाला तरी गुहा होत नाही.

मुलांनो, हे कानावर आले तेव्हा साळूचे डोकेच फिरले. ती तरातरा कासवाकडे गेली आणि म्हणाली, की अस्वल आणि त्याची गुहा दोन्ही खड्ड्यात जावोत, मी आत्ताच घरी निघाले. कासवाने तिचे सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "न सांगता गेलीस तर काम टाकून पळाली, असंच सगळे म्हणतील. थांबण्याचा हक्क तुला आहे, साळूबाई. पण आधी त्याच्या तोंडावर सांग आणि मुदत दे."

साळूला ते पटले, पण चडफडतच. कासवाला बरोबर घेऊन ती अस्वलाकडे गेली. "अस्वलदादा, तीन दिवसांत शिळा हलवा," ती म्हणाली. "नाही तर मी काम थांबवीन. आणि पौर्णिमेपर्यंत हलली नाही, तर आपला करार संपला." अस्वलाने जांभई दिली. चौथ्या दिवशी साळू गुहेपाशी आली, पण आत गेली नाही. शिळा हलली की लगेच कामाला लागता यावे, म्हणून पौर्णिमेपर्यंत ती रोज तिथे पळसाखाली येऊन बसे. पंजे नुसते शिवशिवत. समोरून अस्वल मधाने माखलेले तोंड चाटत जाई, तेव्हा तर तिचा एकेक काटा उभा राही. थोडेसे तरी खण, असे त्याने दोनदा सुचवले. ती जागची हलली नाही.

पौर्णिमा उलटली. सकाळीच साळूने करार संपल्याचे अस्वलाला सांगितले आणि झालेल्या कामापुरते कंद मागितले. अस्वल खवळले. त्याने सगळ्या प्राण्यांना गोळा करून साळूने फसवल्याची तक्रार केली. कासवाने काय ठरले होते, कधी बजावले होते आणि कोण दररोज तिथे येऊन बसत होते, ते शांतपणे सांगितले. सगळे अस्वलाकडे पाहू लागले. साळूला तिचे कंद द्यावेत, असा निवाडा झाला. रागारागाने अस्वलाने शिळेला खांदा लावला. दोनच धक्क्यांत ती उतारावरून घरंगळत ओढ्यात गेली.

साळू पाहतच राहिली. एवढ्याशा कामासाठी तिने महिनाभर जीव मुठीत धरला होता! "झालं ना आता? चल, खणायला लाग," अस्वल म्हणाले.

"शिळा हलली, पण करार संपला आहे," साळू म्हणाली. "कोल्हिणीला पिल्लांसाठी बीळ हवंय, ते मी करार संपल्यावर कबूल केलं. ते झालं की या. मग सगळं नव्याने ठरवू."

आणि ती कोल्हिणीच्या टेकडीकडे चालू लागली. त्या उन्हाळ्यात अस्वलाला भर दुपारी अर्ध्या गुहेत डोके खुपसून झोपावे लागले.

तात्पर्य : समोरचा आपला शब्द पाळत नसेल, तर काम थांबवण्याचा आणि करार मोडण्याचा हक्क आपल्याला असतो, पण तो रागाने निघून जाऊन नव्हे, तर स्पष्ट सांगून आणि मुदत देऊन बजावावा.